कळा आणायच्या आहेत म्हणे! बेळगाव सीमाभागातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या लेबर रूमबाहेरच्या बाकांवर हे प्रश्न रोज मराठीत विचारले जातात आणि आतून येणारं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं: "होईल, थांबा." म्हणून इथं जरा सविस्तर लिहिलं आहे. पेशंटची फाईल डॉक्टरांच्या हातात असते, त्यामुळं शेवटचा शब्द त्यांचाच. पण त्यांना काय विचारायचं, हे तरी आधी माहीत असावं.

कळा आणतात म्हणजे नक्की काय करतात?

कळा आपोआप सुरू व्हायची वाट न बघता औषधानं किंवा फुग्यानं सुरू करतात. यात दोन वेगळी कामं आहेत आणि घरच्यांना सहसा दुसरंच ठाऊक असतं. पहिलं, गर्भपिशवीचं तोंड मऊ आणि पातळ करणं. दुसरं, पिशवीला नियमित कळा आणणं. तोंड घट्ट असताना नुसत्या कळा आणून भागत नाही. बाई दमते आणि बाळ जागच्या जागी राहतं.

म्हणून ॲडमिट केल्यावर आधी आतून तपासतात. बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट लागलं तर तोंड अजून तयार नाही, ओठासारखं मऊ लागलं तर तयार. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, पुढं आलंय की मागं आहे आणि बाळाचं डोकं किती खाली सरकलंय, या पाच गोष्टींना गुण देतात. त्याला बिशप स्कोअर म्हणतात, एकूण १३ गुणांचा. ६ किंवा त्याहून कमी असेल तर आधी मऊ करण्याचं काम. ८ किंवा जास्त असेल तर गोष्टी बऱ्याचदा लवकर हलतात. "सिस्टर, स्कोअर किती आलाय?" असं विचारायला लाजू नका. पुढचे दोन दिवस कसे जाणार, याचा सगळ्यांत चांगला अंदाज त्या आकड्यावरूनच येतो.

मुलीला काहीच त्रास नाही. मग कशाला?

त्रास नसतानाही कारण असू शकतं. बीपी वाढलं असेल आणि लघवीत प्रोटीन जात असेल, तर ३७ आठवडे भरल्यावर थांबण्यात अर्थ नसतो. हा आजार बाई हसत-बोलत असताना वाढतो आणि अचानक झटके येऊ शकतात. पाणी गेलं पण कळा नाहीत, अशा वेळी तास जातील तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. गरोदरपणातली साखर, बाळाची वाढ कमी असणं, बाळाभोवतीचं पाणी कमी होणं, अंगाला खाज सुटून लिव्हरचे रिपोर्ट बिघडणं, ही बाकीची नेहमीची कारणं. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं: तारीख उलटली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की ४१ आठवडे पूर्ण झाले आणि कळा आल्या नाहीत तर त्या आणाव्यात.

कारण एका वाक्यात, तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं गेलं पाहिजे. "आमच्याकडं असंच करतात" हे कारण नव्हे.

तारीख उलटली म्हणतात, पण आमच्या हिशोबानं अजून आठ दिवस आहेत. खरी तारीख कुठली?

सीमाभागात हा घोळ फार. मुलगी पुण्यात किंवा कोल्हापुरात असते, पहिली सोनोग्राफी तिथंच होते आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. जुनी फाईल तिकडच्या कपाटात राहते. इकडं नवव्या महिन्यात नवी सोनोग्राफी होते आणि तिच्यावर वेगळीच तारीख छापून येते. आता घरात तीन तारखा: पाळीवरची, पहिल्या सोनोग्राफीची आणि शेवटच्या सोनोग्राफीची.

पाळीची तारीख नक्की आठवत असेल आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तिच्याशी साधारण आठवड्याच्या आत जुळत असेल, तर पाळीवरची तारीख धरतात. त्याहून फरक असेल तर पहिल्या सोनोग्राफीची. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख ठरवू नये, कारण तिच्यात तीन आठवड्यांपर्यंतही फरक पडू शकतो. ती बाळाची वाढ, पाणी आणि ठोके बघण्यासाठी असते. नंतरच्या रिपोर्टवर तारीख पुढं सरकलेली दिसली म्हणून बाळंतपण पुढं जात नाही.

तेव्हा जावईबापूंना आजच फोन करा आणि पहिल्या रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, चारही कोपरे दिसतील असा. ३९ आठवड्यांच्या बाईला ४१ समजून ॲडमिट करणं आणि ४२ च्या बाईला ४० समजून घरी पाठवणं, दोन्ही या एका कागदावाचून घडतं.

गोळी, जेल, फुगा, सलाईन: यातलं काय करणार?

तोंड घट्ट असेल तर गोळी, जेल किंवा फुगा. तोंड तयार असेल तर पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडून सलाईनमधून कळांचं औषध.

फुगा म्हणजे लघवीसाठी वापरतात तीच रबरी नळी, फोलीची. ती गर्भपिशवीच्या तोंडातून आत सरकवून टोकाचा फुगा पाण्यानं भरतात आणि बाहेरचं टोक हलक्या ताणानं मांडीला चिकटपट्टीनं लावून ठेवतात. घालताना त्रास होतो, नंतर जड-जड वाटतं. त्यात औषध नाही, म्हणून कळा एकदम जोरात यायची भीती कमी. तोंड तीन-चार सेंटीमीटर उघडलं की फुगा आपोआप निसटतो. हे आधी कुणी सांगत नाही आणि मग पहाटे तीनला बाथरूममध्ये काहीतरी सटकन पडलं म्हणून मुलगी किंचाळत बाहेर येते. बाळ नव्हे, फुगा पडलाय. सिस्टरला सांगायचं, ही चांगली खबर आहे.

जेल डायनोप्रोस्टोनचं असतं, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. लावल्यावर अर्धा तास पडून राहायचं. गरज पडल्यास सहा तासांनी पुन्हा लावतात आणि तेवढाच वेळ गेल्याशिवाय सलाईनचं औषध सुरू करत नाहीत. एवढा वेळ "काहीच करत नाहीत" असं बाकावरून वाटतं, पण औषध आत काम करत असतं.

पाणमोट फोडताना सुई टोचल्यासारखं दुखत नाही, त्या पडद्याला संवेदना नसते. कोमट पाणी वाहतं. डॉक्टर त्याचा रंग बघतात. हिरवट असेल तर बाळानं आत शी केली आहे असं समजून जास्त लक्ष ठेवतात.

गोळी मिसोप्रोस्टॉलची आहे. मोबाईलवर बघितलं तर ती गर्भपाताची निघाली!

गोळी तीच, डोस अगदी वेगळा. कळा आणण्यासाठी २५ मायक्रोग्रॅम देतात, तोंडानं दर दोन तासांनी. गर्भपातासाठी एका वेळचा डोस याच्या कैक पट असतो. बाजारात २०० ची गोळीही मिळते आणि तिचे ब्लेडनं आठ तुकडे करायची जुनी सवय आहे. ती चांगली नाही, तुकडे सारखे होत नाहीत. २५ ची तयार गोळी आता मिळते. नाहीतर २०० ची गोळी २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून दर वेळी २५ मिलिलिटर द्यायचं.

या गोळीशी बेळगावचं जुनं नातं आहे, हे इथल्याच लोकांना फारसं माहीत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हिनं कमी होतो का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नर्सबाईंनी १,६२० बायकांना बाळंतपणानंतर औषध किंवा तशीच दिसणारी नुसती गोळी देऊन पाहिलं. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं.

सलाईनमधलं इंजेक्शन म्हणजे म्हशीला पान्हवायला देतात तेच का?

रसायन तेच, ऑक्सिटोसिन. गोठ्यात चोरून वापरतात ती लेबल नसलेली बाटली मात्र माणसाच्या जवळपासही येऊ देऊ नये. ऑक्सिटोसिन आपल्याच शरीरात तयार होतं, कळा त्यानंच येतात आणि दूधही त्यानंच उतरतं. गोठ्यातल्या गैरवापरामुळं २०१८ मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना ते बनवायला मनाई केली आणि काम एका सरकारी कंपनीवर, बेंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्सवर, सोपवलं. पण औषध तुटलं तर बाळंतिणींचं काय, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

आता महत्त्वाचं. बाळ बाहेर येण्याआधी हे औषध फक्त सलाईनमधून, थेंब मोजून द्यायचं असतं. अगदी थोड्या थेंबांपासून सुरू करून साधारण अर्ध्या तासाच्या अंतरानं वाढवतात, दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा येईपर्यंत. दहा मिनिटांत पाचहून जास्त येऊ लागल्या तर बाळाला मधे श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. मग सलाईन बंद करतात, डाव्या कुशीवर झोपवतात. म्हणून सलाईनच्या नळीवरच्या त्या चाकाला घरच्यांनी हात लावायचा नाही. "जरा जोरात सोडलं तर लवकर सुटेल" म्हणून मावशी-आत्यांनी चाक फिरवल्याचे प्रकार होतात. त्यात बाळ जाऊ शकतं, पिशवी फाटू शकते.

आणि कुणी गावातल्या गावात कळांसाठी दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देतो म्हणालं, तर उठून निघायचं. ते एकदा टोचलं की परत काढता येत नाही. बाळ जन्मल्यावर मांडीत देतात ते बरोबर आहे, ते रक्तस्राव थांबवण्यासाठी.

किती तास लागतात?

पहिलटकरीण असेल आणि तोंड घट्ट असेल तर एक दिवस सहज, कधी दोन. सकाळी ॲडमिट केलं म्हणजे संध्याकाळी कुंदा वाटायचा, असा हिशोब धरूनच माणसं येतात आणि रात्री नऊला भांडणं सुरू होतात.

एक खरा आकडा सांगते. नागपूरच्या दोन सरकारी दवाखान्यांत बीपी वाढलेल्या ६०२ बायकांच्या कळा आणल्या, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना फुगा. २०१७ साली निष्कर्ष छापले गेले. २४ तासांत खालून बाळंत झालेल्या बायका गोळीच्या गटात शंभरात ५७, फुग्याच्या गटात ४७. म्हणजे चांगल्या हातांतसुद्धा जवळपास निम्म्या बायका दुसऱ्या दिवशीही लेबर रूममध्ये होत्या किंवा त्यांचं सिझर झालं होतं. दुसरेपणाला, एकदा नॉर्मल झालेलं असेल, तर वेळ बराच कमी लागतो.

पहिले बारा तास बाहेरून काही दिसत नाही, तेव्हा बाकावर सगळं गोत जमवू नका. आई किंवा सासूबाई यांतली एक आज, दुसरी उद्या, अशी पाळी लावा. मुलीलाही पहिल्या रात्री झोपू द्या. दर तासाला "कळा आल्या का ग?" विचारून कळा येत नाहीत.

या कळा जास्त दुखतात का?

बऱ्याच बायका हो म्हणतात, विशेषतः सलाईनच्या कळांबद्दल. आपोआप आलेल्या कळा हळूहळू वाढतात, अंगाला सवय होते. इथं चढ लवकर येतो. पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, बेळगाव शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत मिळतं. तालुक्याला मिळेलच असं धरून चालू नका, आधी विचारा. बाकी चालणं, कुशीवर वळणं, कमरेवर गरम पाण्याची पिशवी आणि पाठ चोळणारं कुणीतरी जवळ असणं, याचा उपयोग खरंच होतो. बाळाचे ठोके मोजायचा पट्टा पोटाला लावला असेल तरी बसता येतं, उभंही राहता येतं. तसं विचारा.

म्हणजे शेवटी सिझरच ना?

ही समजूत फार पक्की आहे, कारण प्रत्येकाच्या नात्यात एक तरी "सलाईन लावलं आणि शेवटी कापलंच" अशी गोष्ट असते. २०१८ मध्ये अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींचा अभ्यास झाला. ज्यांच्या कळा ३९ व्या आठवड्यात आणल्या त्यांच्यात सिझर १८.६ टक्के, ज्यांना थांबू दिलं त्यांच्यात २२.२ टक्के. म्हणजे कळा आणल्यानं सिझर वाढलं नाही, थोडं कमीच झालं. पण माझं मत विचाराल तर हा आकडा आपल्याकडं जसाच्या तसा लावू नये. तिथं धीर धरायचा नियम पाळला गेला होता. पाणमोट फोडून सलाईन सुरू केल्यावर बारा ते अठरा तास आई-बाळ ठीक असतील तर थांबायचं आणि मगच "फेल" म्हणायचं. जिथं सहा तासांत घरचे आणि डॉक्टर दोघंही कंटाळतात, तिथं सिझर वाढणारच.

बाळाचे ठोके बिघडले तर मात्र तासांचा हिशोब संपला. तेव्हा सही मागितली तर वाद घालत बसू नका.

पहिलं सिझर झालंय. आता कळा आणता येतील?

मिसोप्रोस्टॉल अजिबात नाही. जुना टाका उसवून पिशवी फाटण्याचा धोका असतो. जिथं चोवीस तास ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी आहे, अशाच ठिकाणी काही डॉक्टर निवडक बायकांना फुगा किंवा जपून सलाईन लावतात. पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड सोबत आणा. टाका उभा होता की आडवा, यावर सगळं ठरतं आणि ते पोटावरच्या कातडीच्या व्रणावरून सांगता येत नाही.

एरंडेल पाजलं तर?

जुलाब लागतील. कळांसाठी लागणारं बळ त्यातच जाईल. नको.

अमावस्या टाळून चांगला मुहूर्त धरता येईल?

सुरुवात कधी करायची ते ठरवता येतं, शेवट नाही. आपण धरलेली वेळ बाळाला माहीत नसते. आणि बीपी वाढलेलं असताना अमावस्या जाऊ दे म्हणून दोन दिवस काढणं, हा जिवाशी खेळ आहे. भटजींनाही तेवढं कळतं, विचारून बघा.

काय खायला द्यायचं?

सुरुवातीच्या तासांत हलकं: पेज, मऊ भात, इडली, चहा-बिस्कीट, शहाळ्याचं पाणी. जोराच्या कळा लागल्यावर बहुतेक ठिकाणी फक्त पातळ देतात, कारण ऐन वेळी भूल द्यावी लागली तर भरलं पोट अडचणीचं. कळा लवकर याव्यात म्हणून दुधात वाटीभर तूप घालून पाजू नका, उलटी होते.

फॉर्म कन्नडमध्ये आहे, सही कुठं करायची तेवढंच सांगतात.

सही करायच्या आधी वाचून दाखवायला सांगा. इथल्या बऱ्याच सिस्टर दोन्ही भाषा बोलतात. एखादीला मराठी येत नसेल तर वॉर्डातली आयाबाई किंवा आशाताई मदत करते. त्या कागदावर तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: कळा का आणतायत, कशानं आणतायत आणि नाही जमलं तर पुढं काय. चंदगड-गडहिंग्लजकडून सून म्हणून आलेल्या मुलीला कन्नड येत नसेल, तर कन्नड येणारी एखादी बाई सोबत ठेवा. रात्रीच्या ड्युटीत "ब्यानी" म्हणजे कळा, "नीर" म्हणजे पाणी, "कूस" म्हणजे बाळ, एवढं कळलं तरी घाबरगुंडी कमी होते. सरकारी लेबर रूममध्ये सोबत एक बाईमाणूस ठेवायला परवानगी आहे, केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातच ते लिहिलेलं आहे.

तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदणीचं कार्ड) नाही, महाराष्ट्रातलं कार्ड आहे. चालेल? खर्च किती?

महाराष्ट्रातलं माता-बाल कार्ड घेऊनच या. तपासण्या, रक्तगट, लसी त्यात असतात. कळा सुरू असताना तायी कार्ड नाही म्हणून सरकारी दवाखान्यात परत पाठवता येत नाही. तरी माहेरी पोचलात की लगेच आशाताईंकडून इथं नोंद करून घ्या, पुढची कामं सोपी होतात. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसुद्धा, फुकट आहे. औषधं, तपासण्या, लागल्यास रक्त, येण्या-जाण्याची गाडी त्यात आलीच, आणि जेवण नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात दिवस. खासगीत कळा आणण्याचा, नॉर्मलचा आणि ऐन वेळच्या सिझरचा असे तीन वेगळे अंदाज आधीच लिहून मागा. दुसऱ्या दिवसाचं बेडभाडं आणि ठोक्यांच्या पट्टीचे पैसे धरलेत का, तेही विचारा.

आमचं गाव कणकुंबीच्या पलीकडं. पावसाळ्यात काय करायचं?

जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या जंगलातल्या वाड्या आणि चिक्कोडी-अथणीकडची कृष्णाकाठची गावं, यांना जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याचा भरवसा नसतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद पडला होता, मग आडरस्त्यांचं काय बोलायचं. दवाखाना लांब आहे, हेही ३९ आठवडे भरल्यावर कळा आणण्याचं एक मान्य कारण आहे. त्याआधी निव्वळ रस्त्यासाठी नाही. माझ्या मते बऱ्याचदा साधा उपाय बरा: तारखेच्या दहा-बारा दिवस आधी खानापूर किंवा बेळगावात नातेवाइकांकडं येऊन राहायचं आणि कळांची वाट बघायची. आधीचं बाळंतपण तासा-दोन तासांत झालं असेल तर हे नक्कीच करा.

नको म्हटलं तर चालतं का?

चालतं, तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही. पण कशासाठी सांगितलंय ते बघा. बीपी, गेलेलं पाणी, वाढ थांबलेलं बाळ, यात थांबणं महागात पडतं. नुसती तारीख उलटली असेल तर ४१ आठवड्यांपर्यंत थांबायला बहुतेक डॉक्टरांची हरकत नसते. ४१ नंतर पोटात बाळ दगावण्याचा धोका लहान असला तरी वाढत जातो, आणि ४२ च्या पुढं थांबू नये. थांबायचं ठरलं तर आठवड्यातून दोनदा ठोक्यांची पट्टी आणि पाण्याची सोनोग्राफी करून घ्यायची, रोज बाळाच्या हालचालीकडं लक्ष ठेवायचं. बाळ नेहमीपेक्षा कमी फिरलं, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं काजवे आले, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. तेव्हाच १०८ लावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.